देवी न टोचणारे देवीवाले

देवी टोचायला आलेल्या माणसानं देवी टोचाव्यात, एवढीच आम्हा साखऱ्याच्या लोकांची नागनाथरावांकडून अपेक्षा होती. ती त्यांनी वर्षानुवर्षं पुरी होऊ दिली नाही. निदान माझ्या घरापुरती तरी नाहीच.

मी साखऱ्याच्या पाटलांची बायको. वडील वसमतला शाळामास्तर होते, म्हणून मला लिहिता-वाचता येत होतं, आणि बाईमाणसाला ते येतं म्हणून गावात माझी थोडी चेष्टाही होत होती. तो निजामाच्या राज्याचा काळ. सरकारी माणूस गावात आला की काम चावडीवर करायचा आणि जेवायला पाटलाच्या घरी यायचा. कोण कोण येऊन जेवून गेलं त्यांतली निम्मी तोंडं मी विसरले. नागनाथरावांना विसरायची सोय नाही. एवढा वैताग मला दुसऱ्या कुणीच दिलेला नाही.

ते हिंगोलीचे. हिवाळा लागला की गावोगाव पायी फिरायचं आणि लेकरांना देवीची लस टोचायची, ही त्यांची नोकरी. लोक त्यांना ‘देवीवाले’ म्हणत. उंच, वाळका माणूस. अंगात गुडघ्यापर्यंत काळा कोट, काखेत ओल्या फडक्यात गुंडाळलेला लसीच्या नळ्यांचा डबा. नखं इतकी खोल कापलेली की बघणाऱ्याचीच बोटं दुखावीत. साबण स्वतःचा आणायचे. हात धुवायला बसले की माझा अर्धा रांजण रिता करूनच उठायचे, आणि मी काही बोलले तर म्हणायचे, “पाणी पुन्यांदा भरता येतं, पाटलीणबाई.” भरणारी मी, हे त्यांच्या गावीही नसे.

पण खरा वैताग त्यांच्या बघण्याचा. माणूस समोर आला की आपण त्याचं तोंड बघतो. नागनाथराव कातडी बघायचे. दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, कमरेत वाकायचे आणि नुसते बघत राहायचे. एकदा तर एका लग्नात नवरदेवाच्या मागं उभे राहून त्यांनी त्याच्या मानेवरचं गजकर्ण सगळ्या वऱ्हाडाला समजावून सांगितलं. कडा उठलेली, मधे कोरं, गोल वाढत चाललेलं. “इसब असं गोल वाढत न्हाई,” असंही वर ऐकवलं. इसबाची चौकशी तिथं कुणी केली होती?

पहिल्यांदा आमच्याकडे पंगतीला बसले तेव्हाची गोष्ट. मी वाढत होते. “पाटलीणबाई, हात जरा इकडं,” म्हणाले. मला वाटलं भाकरी हवी. मी भाकरी पुढं केली.

“भाकर न्हाई. हात. बोटाच्या बेचकीत खाजतं का?”

चार पुरुषमाणसं ताटावर बसलेली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात पदराखाली घेतला, तरी ते बोलतच होते. “बेचकी साफ दिसून राहिली. म्हंजी खरूज न्हाई. खरूज असती तर घरातलं समदं माणूस खाजवत बसलं असतं. ह्या तुमच्या बोटाच्या भेगा राखेच्या पाण्याच्या. भांडी मातीनं घासा, हाताला तेल लावा.” मी रागानं महिनाभर राखेनंच घासली. मग मातीनं घासायला लागले. हात बरे झाले, पण ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

शेवंता झाली ती माझ्या लग्नानंतर सहा वर्षांनी. तोवर गावानं आणि सासूनं, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, मला जे ऐकवायचं ते ऐकवून घेतलं होतं. त्यामुळं ती पोर म्हणजे माझा जीव की प्राण. तिसऱ्या महिन्यापासून तिचे गाल लाल झाले. मग त्यांतून पाणी झिरपायला लागलं, वर खपल्या धरल्या. माझ्या खांद्यावर गाल घासून घासून ती रडायची. मी डाळीचं पीठ आणि हळद लावून घासायची, आत्याबाई घोंगडीत गुंडाळायच्या, आणि आम्ही दोघी मिळून तिला आणखी सोलत होतो, हे आमच्या ध्यानात येत नव्हतं.

आठ महिन्यांची असताना देवीवाले आले. गावची रीत अशी की पहिली लस पाटलाच्या लेकराला, मग बाकीच्यांना. चावडीपुढं सगळा गाव जमला होता. मी शेवंताला घेऊन पुढं झाले. नागनाथराव वाकले. पाठीमागे हात. बघत राहिले. मग प्रश्न सुरू झाले.

“खाज आधी सुटली, का पुरळ आधी उठलं?”

“खाज.”

“एकसारखं हाय, का जाऊन येतं?”

“जातं, पुन्हा येतं.”

“घरात आणिक कोण खाजवतं?”

“कुणी नाही.”

“दमा कुणाला?”

“मामंजींना होता. पण दम्याचा इथं काय संबंध?” मी विचारलं. त्यांनी तिचं तोंड उजेडाकडं वळवलं. नाकाचा शेंडा बघितला, कानामागं बघितलं, लंगोट सोडायला लावून बघितलं. उन्हात पोर रडून लाल झाली. मग ते सरळ झाले.

“गाल, कपाळ, कानामागं. नाकाचा शेंडा कोरा. लंगोटाखाली कोरं. हे इसब हाय. ही सुटली. दुसरं लेकरू आणा.”

आमचे पाटील खाटेवर बसले होते ते उठून उभे राहिले. “नागनाथराव, साऱ्या गावादेखत पाटलाची पोरगी सोडता, मंग गाव टोचून घेईल का?”

“न्हाई घेणार.”

“मंग?”

“मंग तकलीफ मला हाय. पोरीला न्हाई.”

पाटलांना कुणी असं बोलत नसे. मी दातओठ खात घरी आले. जेवणाच्या वेळी मी वाढायला गेले नाही, आत्याबाई गेल्या. तर ह्या गृहस्थांनी आत्याबाईंनाच घोंगडी काढायला लावली. जुन्या धोतराचं मऊ फडकं वापरा, पीठ-हळद बंद करा, खोबऱ्याचं तेल लावा, नखं कापा. आत्याबाई म्हणाल्या, “आमी सात लेकरं घोंगडीतच वाढवली.” ते म्हणाले, “ती सात दुसरी. ही आठवी.”

लस का नाही, ते त्यांनी पाटलांना सांगितलं. मी दाराआडून ऐकलं. “लस म्हंजी जितं बी हाय, पाटील. चांगल्या दंडावर एका जागी पेरलं तर एका जागी उगवतं. हिची कातडी समदीकडून नांगरून ठेवल्यावाणी झाली. मी एका जागी पेरीन आन् ते समद्या अंगावर उगवंल. लेकरू हाती लागणार न्हाई.”

“हे तुमाला कुणी सांगितलं?”

“किताबमधी लिहिलंय.”

कोटाच्या आतल्या खिशात त्यांची ती उर्दू किताब असायची. त्यांच्या हातून कुठं तरी लेकरू दगावलं असेल म्हणून हा माणूस एवढा भितो, अशी एक कथा पुढं गावानं रचली. तसं काही नव्हतं. त्यांना किताबनं सांगितलं होतं आणि त्यांनी ते ऐकलं होतं, एवढंच. सरकारी कागदावर लिहिलेलं शब्दाला शब्द पाळणारा निजामाच्या राज्यात एकच नोकर होता, तो नेमका माझ्या वाट्याला आला.

आणि माझा घोर सुरू झाला. देवीची साथ दोन-चार वर्षांनी येणारच, हे सगळ्यांना ठाऊक. माघ आला की येणाऱ्या-जाणाऱ्याला मी विचारायची, कुठं देवी निघाल्या का. सगळ्या गावाच्या दंडावर वण, आणि माझ्या शेवंताचा दंड कोरा. दर हिवाळ्यात नागनाथराव यायचे, वाकायचे, बघायचे. मी विचारायची, “यंदा तरी?” ते म्हणायचे, “बघू.” आणि बघून झालं की “सुटली.”

तिसऱ्या वर्षी गालांवरचं गेलं आणि कोपराच्या, गुडघ्याच्या लवणात येऊन बसलं. गालांवर मात्र फिकट डाग राहिले. झालं! आडावर बाया कुजबुजायला लागल्या. कुणी स्पष्ट म्हणेना, पण शेवंता जवळ गेली की आपापली लेकरं ओढून घेत. शेवटी आत्याबाईंनी तो शब्द उच्चारला. महारोग. “हिला कोण करून घेईल?” म्हणाल्या. मी दोन दिवस जेवले नाही.

नागनाथराव आले तेव्हा त्यांना मी हे सांगितलं. मला वाटलं, हळूच घरात बघतील. नाही. त्यांनी पोरीला ओट्यावर बसवलं आणि आडावरच्या त्याच बायांना हाका मारमारून बोलावलं. शेवंताच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. कापसाचा एक दोरा काढला. “दोरा लागला की बोट ठिव,” म्हणाले. डागावर दोरा टेकला की शेवंता बरोबर तिथं बोट ठेवायची आणि खिदळायची. पाच वेळा, सहा वेळा.

“बघितलं? महारोगाचा डाग असता तर हिला दोरा कळला नसता. आन् महारोग खाजत न्हाई. हिचा खाजून खाजून जीव जाऊन राहिला. बायांनो, खाजतंय म्हंजी आनंद माना!”

आनंद माना! तीन वर्षं मी त्या पोरीचे हात धरून बसले होते. हातातला तांब्या त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. पण दुसऱ्या दिवसापासून आडावर लेकरं ओढली गेली नाहीत, हेही खरं.

गावाला सगळं उघड सांगण्याची ही खोड त्यांच्या अंगलट कशी आली ते सांगते. आमचे पाटील एकदा कचेरीच्या कामासाठी महिनाभर हिंगोलीला राहून आले, ते मानेला पुरळ घेऊन. लाल, पाणी झरतंय, खाज तर अशी की बोलता बोलता मान दाराच्या चौकटीला घासायचे. देवीवाल्यांनी मान बघितली आणि म्हणाले, “सदरा काढा.” सदरा उलटा करून मानेच्या पट्टीवर बोट ठेवलं. तिथं एक काळी खूण होती. हिंगोलीच्या धोब्यानं कुणाचे कपडे कुणाचे ते ओळखायला बिब्ब्यानं केलेली. खूण जिथं टेकत होती, बरोबर तिथंच पुरळ होतं.

“बिब्बा उतलाय,” ते चावडीवर सगळ्यांपुढं म्हणाले. “बघा, दिसायला बराबर इसबावाणी. एखाद्याला वाटंल इसबच हाय.”

बिब्बा आमच्याकडे घरोघर. त्याचं काळं तेल टाचेच्या भेगांत भरायचं, काटा मोडला तर लावायचं. कुणाकुणाच्या कातडीला ते सोसत नाही, फोड येतात. चावडीवर बसलेल्या माणसांनी ते बोलणं घरी नेलं. बायकांनी ऐकलं. टोचलं की लेकराला ताप येतो, दंड सुजतो, म्हणून टोचणं कुणालाच नको असायचं. इसबाचं लेकरू देवीवाले सोडतात, आणि बिब्ब्यानं इसबासारखं उठतं. पुढचं त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात दौंडी पिटली आणि तिसऱ्या दिवशी चावडीपुढं रांग लागली, तर निम्म्या लेकरांच्या हातांवर लाल चट्टे. बाया हसून म्हणत होत्या, “तुमच्या शेवंताला हाय ते आमच्या बी लेकराला झालं, पाटलीणबाई.” नागनाथराव पहिल्या लेकरापुढं वाकले. दुसऱ्यापुढं वाकले. चौथ्यापाशी ताठ झाले.

“हे इसब दौंडी झाल्यावर आलं व्हय?”

एका आईनं लेकराचा हात पदराखाली घेतला.

“अगं, इसब दोन्ही कोपरात बसतं. जुनं असतं, कातडी जाड हुती, काळी पडती. हे एकाच हातावर. आईनं काडी धरली त्या अंगाला. हा बघा वघळ खाली गेलाय!”

एक बाई पदर सावरत पुढं आली. “ते राहू द्या, देवीवाले. आमचं लेकरू सुटलं का न्हाई, तेवढं सांगा.”

सुटलंच होतं. कातडी फुटलेली असताना टोचता येणार नव्हतं. नागनाथराव चावडीच्या पायरीवर डोकं धरून बसले आणि मी, पाटलाची बायको, सगळ्यांदेखत फसकन हसले. इतक्या वर्षांचं माझं हसू होतं ते. त्यांनी तो दिवस त्या लेकरांच्या हातांना तेल लावण्यात घालवला, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा चालत आले. तोवर काहींनी दुसऱ्यांदा लावलं होतं. ह्या वेळी दोन्ही कोपरांत! खुणा त्यांनीच शिकवलेल्या. मी म्हटलं, “नागनाथराव, जरा तोंड मिटून बघत जा की.” ते म्हणाले, “कळाल्यावर सांगायचं न्हाई, ते कसं?” ह्या माणसाशी बोलून काही उपयोग नव्हता.

शेवंता सहा वर्षांची असताना शेजारच्या पुसेगावात देवी निघाल्या.

बातमी आली त्या दिवशी बिब्बेवाल्या सगळ्या बाया पोरं काखोटीला मारून चावडीवर हजर. नागनाथराव आले ते तीन दिवस जेवायलाही घरी आले नाहीत, तिथंच बसून टोचत होते. आमच्याकडे पाटील, आत्याबाई, मी आणि अंगावर पिणारा पाच महिन्यांचा भगवान, सगळ्यांना टोचून झालं. चौथ्या दिवशी मी शेवंताला पुढं उभं केलं. त्या हिवाळ्यात तिचे कोपर सोलून निघाले होते.

“टोचा,” मी म्हणाले.

ते वाकले. बघितलं. “न्हाई.”

मग मी काय बोलले ते सगळं आता सांगवत नाही. हात जोडले, शिव्या दिल्या, पाटलांच्या नावानं धमकीही दिली. शेवटी मी म्हणाले, “ती मेली तर?”

“टोचून मेली तर मी मारली. न टोचता मेली तर बी मीच मारली. दोन्हीकडून ठाऊक हाय मला, पाटलीणबाई. आता मी सांगतो तेवढं करा. पोरीला गावाबाहेर काढा. टोचलेल्या माणसाचा फोड बी तिला नको, आन् देवी आलेल्याचा वारा बी नको. समद्यांच्या खपल्या पडोस्तवर ती शेतातल्या झोपडीत, आखाड्यावर राहील.”

“मी जाते तिच्याबरोबर.”

“तुमच्या दंडावर काल टोचलंय.”

मी विचारलं, “आधी काहून नाही सांगितलं?”

“आधी सांगितलं असतं तर तुमी टोचून घेतलं नसतं. तुमाला देवी आल्या तर त्याचं काय? पोरगं तुमच्या अंगावर पितंय.”

हिशेब अगदी चोख होता. त्या चोखपणाची मला इतकी चीड आली की रडूसुद्धा फुटेना.

शेवंताजवळ राहायला त्यांनी माणूसही शोधून ठेवलं होतं. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची सोमलीबाई. तोंडावर देवीचे वण, म्हणजे एकदा येऊन गेलेल्या, पुन्हा भीती नाही. पाटलाची पोर तांड्याच्या बाईच्या हातचं खाणार म्हणून आत्याबाईंनी आकांत केला. पण पाटलांनी पहिल्यांदाच आईचं ऐकलं नाही. दाणागोटा बांधावर ठेवायचा आणि मागं फिरायचं. मी लांबून बघायची. ती “आई” म्हणून हाका मारायची. मी बांधापासून परत यायची.

अकराव्या दिवशी घरात सगळ्यांचे दंड भरून आले होते. भगवानचा तर चांगलाच. आत्याबाईंनी ठरवलं की देवी घरी आली, सगळ्यांच्या अंगावर बसली, एकट्या शेवंताला वगळलं, तर तिचा कोप त्या पोरीवरच होणार. आमच्याकडे तसंच मानत. देवीचा नैवेद्य घरातल्या एकालाही चुकवायचा नाही. दहीभात केला. कडुलिंबाचा डहाळा भगवानच्या दंडावरून फिरवला, फोडाचं पाणी पुसून घेतलं आणि ताटात ठेवला. तो डहाळा शेवंताच्या अंगावरून उतरवला की देवी तिला पावली. आत्याबाई जुन्या काळच्या, त्यांचं सोडा. मी शाळामास्तरांची मुलगी. मला ते बी-पेरणीचं सगळं तोंडपाठ होतं. तरी ताट मीच उचललं. देवी खरीच कोपली तर, हे एक मनात होतं. आणि दहा दिवस पोरीला हात लावला नव्हता, तेवढं निमित्त मला पुरलं.

बांध ओलांडला तर सोमलीबाई काठी आडवी धरून उभी.

“थांब, पाटलीणबाई. पुढं न्हाई.”

“देवीचा नैवेद्य आहे. बाजूला हो.”

“देवीवालेनं सांगितलं, गावातलं कोनी न्हाई, गावातलं काही न्हाई. तू बी गावातलीच.”

मी पाटलीण आणि ती तांड्याची. मी तिला काय नाही ते बोलले. ती काठी हलवेना. मागं झोपडीच्या दारात शेवंता रडत होती, आणि एवढ्यात पुसेगावच्या वाटेनं नागनाथराव आले. रोज एकदा तिला लांबूनच बघून जायचे, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी ताट बघितलं.

“हा डहाळा कशाचा?”

मी सांगितलं.

तो माणूस एवढ्या वर्षांत कधी ओरडला नव्हता. तेव्हा ओरडला. “तेच बी! तेच बी तुमी हातानं घेऊन आलात! मी सहा वर्षं टोचलं न्हाई, आन् तुमी ताटात घालून आणलं!”  त्यांनी डहाळा, दहीभात, सगळं खड्ड्यात टाकलं, वर काड्या पेटवल्या. मग मातीत बसूनच राहिले. सोमलीबाईनं त्यांना पाणी दिलं. मला कुणी दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. माझ्या पोरीच्या मरणापासून मी चार पावलांवर होते, आणि मला थांबवलं ते जिच्या हातचं पाणी आमच्या घरी चालत नव्हतं त्या बाईनं. मी तिची माफी मागितली नाही. तेव्हा सुचलं नाही, आणि नंतर ती राहिली नाही. हे मला अजून बोचतं.

आमच्या गावात दोन घरांत देवी निघाल्या. दोन्ही लेकरं बिब्ब्याचे चट्टे दाखवून सुटलेली. लस टोचली तोवर रोग अंगात शिरून गेला होता. एक वाचलं, एक गेलं. नागनाथराव त्या घरच्या अंगणात दिवसभर बसून होते.  त्यानंतर गावात कुणी बिब्बा लावला नाही. शेवंता महिन्यानं घरी आली, तीही भगवानच्या खपलीखाली कोरी कातडी आली आहे का, ते देवीवाल्यांनी दोनदा बघितल्यावर.

मग दर हिवाळ्यात तेच. “यंदा तरी?” “बघू.” “सुटली.”

अठ्ठेचाळीस साली राज्य बदललं. त्या हिवाळ्यात नागनाथराव आले ते थकलेले, कोटाच्या बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या. नोकरीचा हा शेवटचा फेरा, म्हणाले. शेवंता तेरा वर्षांची झाली होती. दोन वर्षं अंगावर काही उठलं नव्हतं. त्यांनी तिला उजेडात उभं केलं. कोपर, गुडघ्यामागं, मान, कानामागं. मी विचारलंच नाही. विचारायचा कंटाळा आला होता.

“साफ,” ते म्हणाले. “आज टोचू.”

मी पोरीला कवटाळून रडले. ते माझ्यावरच खेकसले, “उजेड सोडा, पाटलीणबाई.”

आठव्या दिवशी दंड बघायला पुन्हा आले. फोड टपोरा, गोल उठलेला. “बराबर उठली,” म्हणाले आणि ओट्याखाली हात धुवायला बसले. त्याच वेळी दारात बैलगाडी थांबली. माझी धाकटी जाऊ सरू, माहेराहून बाळंत होऊन, दोन महिन्यांचं लेकरू घेऊन आली होती. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकरू घेतलं आणि आनंदानं शेवंताकडे वळले. “घे गं. तुझा भाऊ.”

ओट्याखालून नागनाथराव उठले होते. तोंड उघडलेलं, साबणाचा हात वर. पण शेवंता आधी बोलली.

“आई, तिथंच थांब.” ती भिंतीला पाठ लावून मागं सरकली, पदर दंडावर ओढून घेतला. “त्याचे गाल बघ. माझा दंड उठलाय. खपली पडोस्तवर मी आखाड्यावर राहते. काकू, तुम्ही पण माझ्याजवळ येऊ नका.”

मग ती आपली वाकळ आणायला आत गेली.

नागनाथरावांनी तोंड मिटलं. हात धुतले, पुसले, लसीचा डबा काखेत घेतला आणि निघाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते काही न सांगता गेले. पुन्हा आले नाहीत. त्यांना थांबवायला हवं होतं, दोन शब्द बोलायला हवे होते, निदान फाटकापर्यंत तरी जायला हवं होतं. पण माझ्या हातात ते लेकरू होतं, आणि मी त्याच्या गालांकडे बघत उभी होते. लाल होते. नाकाचा शेंडा कोरा होता.